‘आनंदघन’ : स्त्रीसंगीतकाराच्या एका नाममुद्रेचा विचार

बीड जिल्ह्यात लग्नाची हळद दळावयास आजही जाते बाहेर काढले जाते. एरवी ते अंगणाच्या कोपऱ्यात किंवा माळवदावर पडून असते. रोजचे दळण पिठाच्या गिरणीकडे गेल्यास आता कित्येक वर्षे लोटली. तरी जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात लागले, की वयस्क स्त्रियांच्या तोंडून ओव्या बाहेर पडतात. या ओव्यांच्या शब्दांचा अभ्यास मराठीत पुष्कळ झाला आहे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांच्याच प्रकल्पात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांविषयी गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आपल्या जिल्ह्यातील ओवीवाङ्मयाचा तो एक मोलाचा ठेवा होय.

या ओव्यांत नावे विपुल असतात. भावाचे नाव असते, लेकाचे असते, गावाचे असते, विठ्ठलाचे असते, भीमरावांचे असते. गाणारीचे मात्र क्वचितच असते. शब्द कोणाचे असे विचारले, तर आईचे, आजीचे, सासूचे असे उत्तर मिळते. चालीविषयी तर प्रश्नच उद्भवत नाही. चालीला या स्त्रिया ‘गळा’ म्हणतात, आणि हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. ‘चाल’ ही गीताची असते, म्हणजे ती गाणाराहून वेगळी काढता येते. ‘गळा’ हा गाणारीच्या देहाचाच भाग. ज्या भाषेत चालीला गळा म्हणतात, त्या भाषेत चाल रचणारी आणि चाल गाणारी यांच्यात भेद करण्याचे कारण पडत नाही. एकाच गावात एकच ओवी दोन निराळ्या गळ्यांत ऐकावयास मिळते. त्यांतला एखादा गळा कोण्या एका बाईने कधीतरी पहिल्यांदा लावलाच असला पाहिजे. ती बाई संगीतकार होती, हे म्हणावयास आपली जीभ सहसा वळत नाही एवढेच.

शब्दांवर नाव कोरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेते, पण जनी हे नाव सांगितल्याखेरीज अभंग संपवीत नाही. ख्यालाच्या बंदिशीत रचनाकाराची मुद्रा शब्दांतच गुंफलेली असते, आणि न्यामतखाँ हे नाव विसरून लोक ‘सदारंग’ एवढेच लक्षात ठेवतात. पण हे दोन्ही प्रकार शब्दांचा आधार घेतात. केवळ सुरांवर नाव कोरता येत नाही. जनाबाईचे शब्द जनाबाईचे म्हणून आले. ती ते कोणत्या चालीवर म्हणे, ते आले नाही. चालीच्या मालकाचे नाव लिहिण्याची सोय प्रथम ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाने आणि चित्रपटाच्या नामावलीने केली. तेव्हा त्या जागी स्त्रीचे नाव कसे लिहिले गेले, हे पाहणे उद्‌बोधक ठरावे.

येथे एक व्याकरणाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. गायकाची गायिका होते, लेखकाची लेखिका होते, कवीची कवयित्री होते. संगीतकाराचे काय होते? काहीच होत नाही. ‘-कार’ हा शेवट असलेले चित्रकार, नाटककार, कथाकार, संगीतकार हे सारे शब्द पुल्लिंगीच वापरले जातात. स्त्रीविषयी बोलताना मागे ‘स्त्री’ जोडावे लागते, जसे प्रस्तुत लेखाच्या शीर्षकात जोडले आहे. गंमत अशी की हाच ‘कार’ ज्या शब्दांत बोलीच्या ओघात झिजून गेला, तेथे स्त्रीलिंग सहज होते. कुंभकाराचा कुंभार झाला आणि त्याची कुंभारीण झाली. लोहकाराचा लोहार, त्याची लोहारीण. सुवर्णकाराचा सोनार, त्याची सोनारीण. पण या ‘-ईण’ प्रत्ययाने काय सुचते ते पाहावे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. लोहारीण म्हणजेही आधी लोहाराची बायको. ती भाता ओढते आणि घणही घालते ही नंतरची गोष्ट. एका रूपात स्त्रीला स्थान नाही आणि दुसऱ्यात आहे ते नवऱ्याच्या आश्रयाने. ‘संगीत दिग्दर्शिका’ हा शब्द पुढे रूढ झाला. परंतु बोलण्यात तो जड वाटतो. (प्रस्तुत लेखिकेच्या नेमणूकपत्रात ‘व्याख्याता’ असेच लिहिलेले आहे. ‘व्याख्याती’ हा शब्द कोशात आहे असे दाखवून दिल्यावर, नमुना छापील असल्याने बदल करता येत नाही असे उत्तर मिळाले.)

हिंदी चित्रपटाच्या नामावलीत पहिले स्त्रीनाव कोणाचे, हा वाद आहे. इशरत सुलताना आणि जद्दनबाई यांची नावे १९३४-३५ च्या सुमारास येतात. पण सलग आणि व्यावसायिक म्हणावी अशी कारकीर्द मुंबईच्या सरस्वतीदेवी यांची. हे त्यांचे खरे नाव नव्हे. त्या खोर्शेद मिनोचर-होमजी. १९१२ साली पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे त्या शिकल्या, आणि बहिणींसह नभोवाणीवर गाऊ लागल्या. हिमांशु राय यांनी त्यांना मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आणले. १९३५ साली ‘जवानी की हवा’ निघाला, तेव्हा पारशी मुलींनी चित्रपटात काम करावे याला समाजातून मोठा विरोध झाला. म्हणून खोर्शेदची सरस्वतीदेवी झाली आणि चित्रपटात भूमिका करणारी तिची बहीण माणेक हिची चंद्रप्रभा झाली.

हे नाव धारण करून त्यांनी ‘अछूत कन्या’ (१९३६), ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०), ‘झूला’ (१९४१) अशा चित्रपटांना एकटीने वा दुसऱ्यांच्या जोडीने संगीत दिले. पार्श्वगायन अजून रूढ व्हावयाचे होते. नटनटींनाच गावे लागे. अशोककुमार आणि देविकाराणी हे काही गवई नव्हते. त्यांच्या गळ्याला पेलतील अशा, आखूड स्वरमर्यादेच्या, सरळ चाली सरस्वतीदेवींनी बांधल्या, आणि नेमक्या त्याच चाली लोकांच्या तोंडी बसल्या. भातखंड्यांच्या शिष्येने आपली विद्या बाजूस ठेवून हे करावे यात थोडा त्यागही आहे. १९८० साली त्या निवर्तल्या तेव्हा चित्रपटसृष्टीस त्यांची आठवण फारशी उरली नव्हती. त्यांच्या नावाचा विचार केला तर असे दिसते, की धर्म झाकला गेला, स्त्रीत्व झाकले गेले नाही. विद्येच्या देवतेचे नाव घेतल्याने ते उलट अधिक ठळक झाले.

‘आनंदघन’ या नावाची गोष्ट याहून निराळी.

लता मंगेशकर (१९२९-२०२२) यांच्या गायनाविषयी येथे काही लिहावयाचे नाही. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले, आणि बारा वर्षांच्या या मुलीवर घरचा भार आला. मास्टर विनायकांच्या कंपनीच्या निमित्ताने काही काळ कोल्हापुरास काढावा लागला. पुढे मुंबईस नाव झाल्यावरही कोल्हापूरचे ऋणानुबंध तुटले नाहीत, आणि चित्रमहर्षी भालजी पेंढारकर यांच्याविषयी त्यांच्या मनात वडिलांसारखा आदर होता. भालजींनी ‘मराठा तितुका मेळवावा’ हा शिवकालीन चित्रपट काढावयाचा ठरविला, तेव्हा त्याचे संगीत लताबाईंनी करावे असे ठरले. मात्र नाव त्यांचे लागावयाचे नव्हते. दिनकर द. पाटलांच्या ‘राम राम पाव्हणं’ या चित्रपटाच्या चाली त्यांनी पूर्वी बांधलेल्या होत्या. म्हणजे चाली बांधणे त्यांना अपरिचित नव्हते. ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६३ साली आला. त्याच वर्षी ‘मोहित्यांची मंजुळा’, १९६५ साली ‘साधी माणसं’ आणि १९६९ साली ‘तांबडी माती’. हे चारही चित्रपट भालजींचे, आणि चारांवरही संगीतकाराचे नाव आनंदघन.

चार चित्रपट म्हणजे मोठी कारकीर्द नव्हे. परंतु या चाली ज्या काळात आल्या त्याकडे लक्ष द्यावे. १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य झाले होते. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखाली, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर चार वर्षे द्वैभाषिकात होता. या नव्या राज्याला आपले असे एक सामुदायिक गाणे हवे होते, आणि ‘मराठी पाऊल पडते पुढे’ या गीताने ती गरज बऱ्याच अंशी भागविली. ते मुळात चित्रपटातले आहे हे शाळेच्या प्रांगणात ते म्हणणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. राज्याच्या अभिमानाचे हे गीत शब्दांनी शांता शेळके यांचे आणि चालीने लता मंगेशकरांचे आहे, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असते.

त्याच चित्रपटातील दोन गीते शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत. ‘शूर आम्ही सरदार’ हे रणांगणावर निघालेल्या पुरुषाचे गाणे. गायले हृदयनाथ मंगेशकरांनी. ‘रेशमाच्या रेघांनी’ ही ठसकेबाज लावणी. गायली आशा भोसल्यांनी. दोन्हींचे शब्द शांताबाईंचे. लावणी ही पुरुष शाहिराने लिहावी आणि स्त्रीने फडावर म्हणावी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. येथे शब्द स्त्रीचे, चाल स्त्रीची, गळाही स्त्रीचा. परंतु श्रोत्याला नामावलीत संगीतकाराच्या जागी दिसे ते पुरुषाचे वाटणारे नाव. आणि योगायोग असा, की शांताबाईंनीही काही चित्रगीते ‘डॉ. वसंत अवसरे’ या पुरुषी नावाने लिहिली होती. त्या दशकात मराठी चित्रपटगीताच्या मागे दोन कर्तबगार स्त्रिया दोन पुरुषांच्या नावांनी वावरत होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

नावाची निवड मात्र चांगली होती. ‘आनंद’ पुल्लिंगी, ‘घन’ पुल्लिंगी. मेघ असा अर्थ घ्या किंवा दाट, ओतप्रोत असा घ्या, समास दोन्हीकडे लागतो. संतवाङ्मयात तो ब्रह्माचे विशेषण म्हणून येतो. जैन साधुकवी आनंदघन सतराव्या शतकातले; ब्रजभाषेतील घनानंद कवीही याच नावाची छाप आपल्या पदांत वापरी. म्हणजे हे नाव कानाला अपरिचित नव्हते. ते ‘सदारंग’ या मुद्रेच्या कुळातले वाटते. फरक एवढाच की सदारंग हे नाव मिरविण्यासाठी होते आणि हे झाकण्यासाठी.

आणि झाकण्याच्या कामी मराठी व्याकरणाने चांगलाच हात दिला. आपल्याकडे क्रियापदाला लिंग लागते. तेव्हा टोपणनावाखालचे माणूस स्त्री की पुरुष हे पहिल्याच वाक्यात उघड व्हावे. पण तसे होत नाही. ‘आनंदघन यांनी चाल बांधली’ या वाक्यात ‘बांधली’ हे स्त्रीलिंगी रूप आहे, ते चालीमुळे. ‘आनंदघन यांनी गीत बांधले’ म्हटले की तेच रूप नपुंसकलिंगी होते. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्मामागे जाते आणि कर्त्याचे लिंग पडद्याआड राहते. ‘यांनी’ या आदरार्थी बहुवचनात तर स्त्रीपुरुष सारखेच. वर्तमानकाळात ‘आनंदघन चाली बांधतात’ म्हणावे, तेथेही तीच सोय. एखाद्या परीक्षकाने आनंदघनांच्या संगीतावर पानभर लिहावे आणि त्यात केवळ चाल देणे, वाद्ये योजणे, गीत सजविणे अशी सकर्मक क्रियापदे भूतकाळात वापरावी, म्हणजे कर्ता स्त्री आहे याचा वाचकाला पत्ताही लागणार नाही. केलेल्या कामाविषयी बोलत असेपर्यंत मराठी भाषा गुपित राखते. येणे, जाणे, बसणे, उठणे अशा अकर्मक क्रियांचा भूतकाळ आला, की मात्र तिचा इलाज चालत नाही. ‘आले’ की ‘आल्या’ हे सांगावेच लागते. (कोल्हापूरकडे स्त्रिया स्वतःविषयी बोलतानाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. आनंदघन या नावाचा जन्म त्याच मुलखाच्या चित्रपटसृष्टीत व्हावा, ही भाषाभ्यासकाला मौजेची वाटणारी गोष्ट.)

‘साधी माणसं’च्या संगीताला महाराष्ट्र शासनाचा उत्कृष्ट संगीताचा पुरस्कार मिळाला. त्या समारंभाची हकीकत पुष्कळांच्या तोंडी आहे. आनंदघन हे नाव पुकारले गेले आणि कोणी पुढे येईना. आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लता मंगेशकरच, असे अखेर जाहीर करण्यात आले. तेव्हा त्या उठल्या आणि व्यासपीठावर गेल्या. ‘उठल्या’ आणि ‘गेल्या’ या दोन क्रियापदांपाशी कर्मणी प्रयोगाचा आडोसा संपला.

पुरस्कार मिळविणाऱ्या त्या चित्रपटाची नायिका लोहारीण आहे. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी खेड्यातले एक लोहार जोडपे त्यात उभे केले. ‘ऐरणीच्या देवा’ हे गीत त्या भट्टीपाशी गायिले जाते, आणि ते स्वतः लताबाईंनी गायिले आहे. चाल अगदी साधी आहे. छोटा स्वरसमूह पुन:पुन्हा येतो, कामाच्या ठेक्याला धरून राहतो, आणि कोठेही आपले कौशल्य दाखवावयास थांबत नाही. ज्या गळ्याला तीनही सप्तके मोकळी होती, त्या गळ्याने स्वतःसाठी इतकी आखूड चाल बांधावी हे लक्षणीय आहे. जात्यावरच्या ओवीची बांधणी याहून फार निराळी नसते. तेथेही कामाचा फेरा आणि सुराचा फेरा एकच असतो. माझ्या मते आनंदघनांच्या सर्व चालींत ही चाल श्रेष्ठ होय.

नाव झाकले ते केवळ स्त्रीत्वामुळे, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. याच घरातील मीना मंगेशकर (पुढे खडीकर) यांनी १९६१ साली ‘माणसाला पंख असतात’ या चित्रपटाला संगीत दिले, ते स्वतःच्या नावाने. मुलांच्या गीतांना त्यांनी दिलेल्या चाली, विशेषतः ‘सांग सांग भोलानाथ’, घरोघरी पोचल्या आहेत. हिंदीत उषा खन्ना यांचे नाव १९५९ च्या ‘दिल देके देखो’पासून उघडपणे लागत होते. मग लता मंगेशकरांनाच पडदा का हवासा वाटला? एक कारण उघड दिसते. त्या देशातील बहुतेक सर्व संगीतकारांकडे गात होत्या. गायिकेने संगीतकाराच्या आसनावर उघडपणे बसणे म्हणजे ज्यांच्या चाली रोज गावयाच्या त्यांच्याशी स्पर्धा मांडणे. नाव एवढे मोठे झाले होते, की त्या नावाखाली चालींची स्वतंत्र पारख झालीच नसती, हेही खरे. तरीसुद्धा एक गोष्ट उरते. टोपणनाव घ्यावयाचेच होते, तर ते स्त्रीचेही घेता आले असते. संगीतकार हा शब्द मनात आला की पुढे पुरुषाचेच नाव उभे राहावे, ही सवय घेणाराला नव्हे तर भाषेला जडलेली होती.

परक्या देशातील एका उदाहरणाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. रुमानियन भाषेत संगीतकाराला ‘कॉम्पोझितोर’ म्हणतात आणि स्त्रीसंगीतकारासाठी ‘कॉम्पोझितोआरे’ असा सरळ शब्द आहे. बुखारेस्ट येथील मिरियम मार्बे (१९३१-१९९७) या तशा एक मान्यवर संगीतकार. १९५४ पासून १९८८ पर्यंत त्यांनी तेथील संगीत विद्यालयात अध्यापन केले. व्हियोलेता दिनेस्कू यांच्यासारख्या शिष्या त्यांनी घडविल्या. आपल्या रचनांवर त्यांना स्वतःचे नाव घालता येत होते. तेथे अडचण निराळी होती. साम्यवादी राजवटीत कोणत्या प्रकारचे संगीत लोकांसाठी योग्य, हे ठरविण्याचा हक्क शासन आपल्याकडे घेई, आणि ज्याने पक्षात प्रवेश केला नाही त्याला बढतीच्या वाटा अरुंद होत. मार्बे पक्षाच्या सदस्य झाल्या नाहीत. त्यांची १९६८ ची एक रचना आहे, ‘धरतीच्या तहानेसाठी विधी’ अशा अर्थाच्या शीर्षकाची. पावसासाठी करावयाच्या लोकविधींवर ती आधारलेली आहे. रुमानियाच्या खेड्यांत पाऊस लांबला की एका मुलीला हिरव्या पाल्याने मढवून दारोदार नेत, आणि घरोघरच्या बाया तिच्यावर पाणी ओतीत. बीड-पाटोद्याकडे ज्यांनी धोंडी पाहिली आहे, कमरेला कडुलिंबाचा पाला बांधलेली पोरे आणि त्यांच्यावर रिकामे होणारे तांबे पाहिले आहेत, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. लोकविधीतले सामूहिक, अनामिक गाणे हाती घेऊन एका स्त्रीने त्यावर आपले नाव घातले. तेथे नाव मोकळे होते आणि सुरांवर पहारा होता. येथे सुरांना कोणी अडविले नाही, नाव मात्र आत राहिले.

१९६९ च्या ‘तांबडी माती’नंतर आनंदघन हे नाव चित्रपटाच्या नामावलीत आले नाही. त्यानंतर लताबाई कित्येक वर्षे गात राहिल्या. चाळिशीत थांबलेला हा संगीतकार पुढे काय करता, हा तर्काचा विषय असल्याने तो सोडून देतो.

आपल्या विभागातील विद्यार्थी ओव्यांचे संकलन करावयास गावोगाव जातात. सध्याच्या नोंदपत्रकात गाव, तालुका, गाणारीचे नाव, वय, जात, ओवीचा विषय आणि बोलीविशेष असे रकाने आहेत. त्यांत ‘गळा’ असा एक रकाना वाढवावा आणि गाणारीने तो कोणाकडून उचलला, की स्वतः लावला, हे विचारावे, अशी सूचना आहे. माजलगाव, केज आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून आरंभ करता येईल. ज्यांना जात्यावरचे गळे येतात त्या स्त्रिया आता बहुतेक सत्तरीपुढच्या आहेत.